पंधरा रुपये चौरस फूट

पुण्या-मुंबईच्या वाचकाला कुठल्याही गोष्टीची महती चौरस फुटातच कळते, म्हणून सुरुवात तिथूनच करू. घनदाट सदाहरित जंगल. पहिल्या प्रतीचं. आत बारमाही झरा, वर धनेश, खाली जळवा. दर : चौरस फुटाला साधारण पंधरा रुपये. एका वडापावात एक चौरस फूट.

ही थट्टा नव्हे, सरकारी दरपत्रक आहे. खाणीसाठी, धरणासाठी, रस्त्यासाठी वनजमीन हवी असेल तर प्रकल्पवाल्याने त्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ सरकारजमा करायचं. वनखात्याच्या बोलीत एनपीव्ही. सर्वोच्च न्यायालयातल्या गोदावर्मन खटल्यातून हे प्रकरण निघालं. अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीने मांडणी केली, २००८ मध्ये कोर्टाने दर ठरवून दिले, जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने ते वाढवले. वाढीव दरांतला सगळ्यात वरचा दर हेक्टरी १५ लाख ९५ हजारांच्या घरात. त्याला एका हेक्टरातल्या चौरस फुटांनी भागा, उत्तर पंधराच्या आसपास येतं. अभयारण्य असेल तर पाचपट, राष्ट्रीय उद्यान असेल तर दसपट. म्हणजे वाघ सहकुटुंब वास्तव्याला असला तरी चौरस फुटाला दीडशे.

या मूल्यात काय काय धरलंय? लाकूड, कार्बन, सरपण, चारा, गौण वनोपज, निसर्गपर्यटन, पुढेमागे औषध सापडण्याची शक्यता, वाघासारख्या मोठ्या जनावराचं मोल. यादी चांगली लांब आहे. फक्त त्या रानात कुणाचा देव राहतो का, कुणाचे वाडवडील तिथे पुरलेत का, याचा रकाना नाही. असणार तरी कसा? देवाचा वार्षिक परतावा काढायची रीत अर्थशास्त्राला अजून सापडलेली नाही.

दर ठरवणारी माणसं दुष्ट नव्हती, हे आधीच सांगतो. त्यापूर्वी जंगल जवळजवळ फुकटच जात होतं. मोल लावलं तर मागणारा दोनदा विचार करील, अशी साधी आशा होती. झालं उलटंच. दर ठरल्यावर विचार करायची गरजच उरली नाही. पूर्वी ‘हे जंगल तोडावं का?’ असा प्रश्न निदान चुकूनमाकून पडायचा. आता ‘चलन कुठे भरायचं?’ एवढाच पडतो.

आता दुसरं दरपत्रक. पश्चिम बंगालमध्ये बांगलादेश सीमेकडे जाणाऱ्या जेसोर रोडवर रेल्वेचे उड्डाणपूल बांधायचे होते, त्यासाठी ३५६ झाडं तोडायची होती. त्यातली कितीतरी शंभरी ओलांडलेली. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे आपले नागपूरचे, यांच्या पीठाने २०२० मध्ये पाच जणांची समिती नेमली आणि झाडाचं मोल काढायला सांगितलं. समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये सूत्र दिलं : झाडाचं वय गुणिले ७४,५०० रुपये. त्यातले ४५ हजार नुसत्या प्राणवायूचे. जुन्या वारसा-वृक्षाचं मोल कोटीच्याही वर. हा आकडा वाचून बरेच जण हसले. दोन-तीन महिन्यांतच देशभर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लागल्या, तेव्हा हसणारे कुठे होते कोण जाणे.

दोन्ही दरपत्रकं शेजारी ठेवा. ७४,५०० गुणिले २१ म्हणजे १५ लाख ६४ हजार ५००. याचा अर्थ असा, की एका समितीच्या हिशेबाने एकवीस झाडांचं एका वर्षाचं जे मोल, जवळपास तेच दुसऱ्या हिशेबाने पहिल्या प्रतीच्या अख्ख्या हेक्टरभर जंगलाचं. त्यातली शेकडो झाडं, वेली, बेडूक, बुरशा आणि जळवा धरून. दोन्ही हिशेब एकाच कोर्टाच्या आवारातून निघालेले. एकाने घाऊक भाव सांगितला, दुसऱ्याने किरकोळ.

मग जेसोर रोडवरच्या त्या झाडांचं काय झालं? कोटीचं झाड कोण तोडणार, असं तुम्हाला वाटेल. आधी मार्च २०२१ मध्ये समितीच्या अहवालावर एम. के. रणजितसिंह यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक समिती बसली. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ३५६ झाडं तोडायला परवानगी दिली. मोल हजारात निघालं असतं तरी तोड झाली असती, कोटीत निघालं तरी ती अडली नाही. वजनकाटा अगदी चोख होता. फक्त दुकानदार त्याच्याकडे बघत नव्हता.

ही रड आपल्यापुरती नाही. जैवविविधतेवर देशादेशांच्या सरकारांना सल्ला देणारा आयपीबीईएस नावाचा एक आंतरराष्ट्रीय मंच आहे. निसर्गाचं मोल कसं ठरवतात आणि त्याचा धोरणावर काय परिणाम होतो, याचा मोठा अहवाल त्याने जुलै २०२२ मध्ये जर्मनीतल्या बॉन इथे मंजूर केला. मोल काढण्याच्या पन्नासहून जास्त पद्धती त्यांना सापडल्या. आणि असं काढलेलं मोल पुढे एखाद्या धोरणात्मक निर्णयात वापरलं गेलं, अशी नोंद छापील अभ्यासांपैकी पाच टक्क्यांतही नाही. जगभरचे विद्वान मोजताहेत आणि जगभरचे सचिव त्यांचे अहवाल कपाटाच्या वरच्या खणात ठेवताहेत. याबाबतीत तरी आपण विकसित राष्ट्रांच्या बरोबरीला आलो.

बरं, भरलेल्या पैशाचं होतं काय? तो ‘कॅम्पा’ नावाच्या निधीत जातो. तोडलेल्या रानाच्या बदल्यात नवं रान लावायचं, हे त्याचं काम. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने या निधीतले ४७ हजार कोटींहून जास्त रुपये राज्यांकडे पाठवले. रक्कम बघून गहिवरू नका. एवढी रक्कम साठली याचाच अर्थ तेवढं जंगल गेलं. नवं किती आलं, हे कॅगने २०१३ च्या अहवालात सांगून ठेवलंय : २००६ ते २०१२ या काळात बदल्यात १ लाख ३ हजार हेक्टर बिगर-वनजमीन मिळायला हवी होती, मिळाली २८ हजार, आणि प्रत्यक्ष झाडं लागली ती सुमारे ७ हजार २८० हेक्टरांवर. शंभरातले सात. शाळेत एवढ्या मार्कांना आई-बापांना बोलावून घेतात.

उत्तराखंडातल्या कॅम्पाचा हिशेब तर वाचून घ्यावा असा आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथल्या विधानसभेत मांडलेल्या कॅगच्या अहवालानुसार या निधीतून आयफोन, लॅपटॉप आणि फ्रीज घेतले गेले. जंगलाचं मूल्य रुपयात आणलं की ते पुढे कशातही आणता येतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकातही मिळायचं नाही.

आणि ग्रेट निकोबार! बंदर, विमानतळ आणि नव्या शहरासाठी तिथलं सुमारे १३० चौरस किलोमीटर विषुववृत्तीय वर्षावन द्यायचं ठरलं. ज्या गॅलाथिया उपसागराच्या वाळूत लेदरबॅक कासवं अंडी घालतात, तिथे बंदर. बदल्यातलं जंगल कुठे? हरियाणात! समुद्रापलीकडे, दोन हजार किलोमीटरहून दूर, अरवलीच्या कोरड्या पट्ट्यात. निकोबारच्या कबुतराने आता हरियाणाचं डोमिसाइल काढावं. सरकारची फसवणूक नाही यात, बरं का. हेक्टराला हेक्टर दिलंय. वहीतला जमाखर्च चोख जुळतो, आणि कासवांना वही वाचता येत नाही.

आपल्या राज्यातही कायदे करणारे कमी हुशार नाहीत. शहरी झाडांचा १९७५ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त झाला. पन्नाशी पार केलेलं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची, असा नियम आला. लावता येत नसतील तर पैसे भरायचे. कल्पना वाईट नाही. पण साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपं लावायची, तर दादरमध्ये साठ खड्डे कुठे काढायचे, हे कायद्यात लिहिलेलं नाही. खड्डे आहेत, पण ते रस्त्यात आहेत. शिवाय झाडाचं वय ठरवणार कोण? शहरात इतके दिवस वय फक्त माणसंच चोरत होती.

आता मुद्द्यावर येतो. आरे आठवतं? मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर २०१९ मध्ये ऐंशी हजारांहून जास्त हरकती आणि सूचना आल्या होत्या. मुंबईकर एरवी सोसायटीच्या सभेलाही येत नाही, त्या मुंबईकरांच्या ऐंशी हजार! वृक्ष प्राधिकरणाने तरीही परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिवे लावून करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती, आणि हवी तेवढी तोडून झाली आहेत असं सरकारने कोर्टाला सांगूनही टाकलं. मूल्यांची तिथे काही कमतरता नव्हती. मेट्रोने वाचणारा कार्बन, झाडांनी शोषलेला कार्बन, बिबट्या, वारल्यांचा वाघोबा, लोकलमध्ये चेंगरणारा माणूस, सगळं मांडलं गेलं. मेट्रो नको असं म्हणणारा मी नाही. लोकलच्या दाराला लोंबकळलेल्या माणसाला झाडांवर प्रवचन देऊ नये. पण तराजू ज्याच्या हातात होता त्याने निकाल आधीच ठरवलेला होता, आणि ऐंशी हजार लोकांच्या हातात फक्त ‘हरकत’ होती.

आता ओडिशात चला. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरी. डोंगरमाथ्यावर बॉक्साइट, पायथ्याशी लांजीगडला वेदांताचा ॲल्युमिना कारखाना, आणि मध्ये डोंगरिया कोंध. त्यांचा देव नियमराजा, डोंगर त्याचा. या देवाच्या डोंगराचं दरपत्रकसुद्धा निघालं होतं. २००७-०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणीला वाट करून दिली, ती अशी : एनपीव्ही ५५ कोटी, वन्यजीव आराखड्यासाठी ५० कोटी ५३ लाख, आदिवासी विकासासाठी १२ कोटी २० लाख, शिवाय दरवर्षी नफ्याचे पाच टक्के किंवा दहा कोटी, जे जास्त असेल ते. सगळं रीतसर. एखाद्याला वाटावं, आता काय राहिलं?

राहिलं होतं ते वनहक्क कायद्यात. २०१० मध्ये एन. सी. सक्सेना समितीच्या अहवालानंतर जयराम रमेश यांच्या पर्यावरण मंत्रालयाने मंजुरी नाकारली, ओडिशाचं खाण महामंडळ कोर्टात गेलं, आणि १८ एप्रिल २०१३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने वेगळाच रस्ता दाखवला : या डोंगरावर लोकांचे धार्मिक आणि सामुदायिक हक्क आहेत का, हे ग्रामसभांना विचारा. राज्य सरकारने बारा गावं निवडली. स्वतःच निवडली, हे लक्षात ठेवा. जुलैत सेरकापाडीपासून सुरुवात झाली, ऑगस्टमध्ये जरपाला शेवटची सभा. भर पावसाळ्यात, जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. बाराच्या बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं. बारा-शून्य. जानेवारी २०१४ मध्ये मंत्रालयाने प्रकल्प नाकारला.

डोंगर तोच, बॉक्साइट तेच, देव तोच, कोर्टही तेच. २००८ मध्ये देवाचं मोल मोजायला अर्थतज्ज्ञ लागत होता, २०१३ मध्ये ज्यांचा देव त्यांनाच विचारलं. पहिल्या वेळी ‘किती?’ असा प्रश्न होता, दुसऱ्या वेळी ‘देता का?’ असा होता. आणि जाता जाता सांगतो, लांजीगडचा कारखाना काही बंद पडला नाही. बॉक्साइट दुसरीकडून आणून तो चालतोच आहे. डोंगर गेला नाही तर देश बुडेल, असं जे सांगितलं जात होतं, ते त्या एका डोंगरापुरतं तरी खोटं निघालं.

इथे शहरातल्या निसर्गप्रेमींचा ऊर भरून येतो आणि आदिवासी म्हणजे झाडाला मिठी मारून बसलेला साधू, असं चित्र रंगायला लागतं. ते पुसा. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने पहिलं मोठं काम काय केलं? बांबू तोडून विकला! त्यासाठी लागणारं वाहतूक परवान्यांचं पुस्तक वनखात्याच्या मुठीतून सुटायला एप्रिल २०११ उजाडलं, आणि ते ग्रामसभेच्या हाती द्यायला केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. (बांबू हे गवत आहे, झाड नव्हे, हे वनस्पतिशास्त्राला केव्हाच ठाऊक होतं, भारतीय वन कायद्याला ते २०१७ मध्ये कळलं, तेही वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरतं.) ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. तेव्हा रुपया अस्पृश्य नाही. बांबूला भाव हवाच, चांगला हवा. फक्त विकायचं की नाही हे सांगणाऱ्याला तोंडाने बोलता आलं पाहिजे आणि त्याचं नाही हे नाही म्हणूनच लिहून घेतलं पाहिजे.

त्याच जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात, सुरजागड आहे. तिथे ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते, आणि डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. देवांनी राहण्यासाठी नेमकी खनिजाचीच जागा का निवडावी, याचा एकदा खाण मंत्रालयाने अभ्यास करावा. सुरजागड इलाक्यातल्या ग्रामसभांनी खाणीविरुद्ध ठराव केले; काही तरुणांना तिथे नोकऱ्याही हव्या आहेत, हेही खरं. २०२५ मध्ये खनिजावर प्रक्रिया करण्याच्या प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमिनीला केंद्राची मंजुरी मिळाली. लाखाहून जास्त झाडं. एनपीव्ही सगळ्यात वरच्या दराने धरली तरी दीडशे कोटींच्या आत बसते. बोबडे पीठाच्या समितीच्या सूत्राने एक लाख झाडांचं एका वर्षाचं मोल ७४५ कोटी होतं. कुठला आकडा फायलीत लागतो, हे वाचकांना सांगायला नको.

मग नियमगिरीचा धडा सरकारने घेतला नाही का? घेतला, फार नीट घेतला. पूर्वी केंद्राने मंजुरी देण्याआधी ग्रामसभेची संमती फायलीला जोडलेली असावी, असा २००९ च्या परिपत्रकाचा दंडक होता. जून २०२२ च्या नव्या वनसंवर्धन नियमांनी तो पुढे ढकलला : आधी केंद्राची मंजुरी, पैसे वगैरे भरून घ्या, मग वनहक्कांचं काय ते राज्याने पाहावं. लग्न लावून, पंगती उठवून, मग मुलीला विचारायचं, बाई गं, पसंत आहे ना?

ग्रामसभा म्हणजे रामबाण, असंही नाही. ठराव लिहून घेता येतात, अंगठे उमटवता येतात. नियमगिरीच्याच मुलखात सिजिमाली डोंगरावर आता खाण येऊ घातली आहे आणि तिथल्या ग्रामसभांचे २०२३ चे ठराव बनावट असल्याचा आरोप गावकरी करताहेत. पण खोटा ठराव करावासा वाटतो, यातच खऱ्या ठरावाची ताकद दिसते. एनपीव्हीचं खोटं चलन करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. खरं चलनच इतकं स्वस्त आहे.

पश्चिम घाटाचं काय, असं कुणी विचारेल. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात निर्णय ग्रामसभांपासून वर न्यावा, असं म्हटलेलं होतं, आणि बहुधा तेच नडलं. अहवाल महिनोन्‌महिने दाबून ठेवला, माहितीच्या अधिकारात भांडून बाहेर काढावा लागला. मग कस्तुरीरंगन समिती, मग २०१४ पासून अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये डोंगर गावांवर आला होता.

तर मंडळी, निसर्गाचं मूल्य किती, यावर आणखी एक समिती नेमायला माझी हरकत नाही. निवृत्त सचिवांनाही काही उद्योग हवा. पण नियमगिरीच्या बारा वस्त्यांना जे मिळालं, ते ऐंशी हजार मुंबईकरांना का मिळू नये, एवढं त्या समितीला विचारा. गावाला निदान ग्रामसभा आहे. शहरालाही तिच्यासारखी क्षेत्रसभा असावी, अशी तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून आहे. तुमच्या वॉर्डात ती कधी भरलेली पाहिली असेल, तर जरूर कळवा.